माघारराव

सोमवार

पोचलो एकदाचे. विमानात बसून पाय असे फुगलेत की चपलेत घालताना उशीच्या खोळीत गादी कोंबतेय असं वाटलं.

लेक म्हणाली होती, "आई, बाबा गेल्यापासून तू घराबाहेर पडली नाहीस. आमच्याबरोबर परदेशात सुट्टीला चल, मजा करू." मला वाटलं समुद्र असेल, छत्र्यांखाली आडवी पडलेली उघडी माणसं असतील, बघून हसता येईल. इथे बघते तर नुसतं रान. रानात एक भलामोठा खड्डा, खड्ड्यात निळंशार पाणी, आणि पाण्याखाली डोंगराच्या पोटात शिरणारी गुहा. तीही छतापर्यंत पाण्याने भरलेली. म्हणजे जीव घाबरला तर वर डोकं काढायची सोयच नाही. लेक आणि जावई पाठीवर हवेचे सिलिंडर बांधून त्यात शिरणार. याला म्हणे सुट्टी! मी जन्मभर घरातला सिलिंडर नुसता सरकवला तरी कंबर धरून बसायचे.

आत लांबवर एक दालन आहे. तिथे छत उंच आहे, पाण्याच्या वर येता येतं, आणि दिवा लावला की भिंती साखरेसारख्या चमकतात. फार थोडी माणसं तिथवर गेलीत. आठवडाभर सराव करायचा, रोज थोडं पुढे जायचं आणि पुढच्या सोमवारी दालन गाठायचं, असं ठरलंय. लेक वर्षभर दुसरं काही बोललेली नाही. आज पाण्याकडे बघताना तिचा चेहरा सायकल मागणाऱ्या पोरीसारखा झाला होता.

शिकवणारी एक बाई आहे. तिला मी मास्तरीण म्हणते. केस बारीक कापलेले, दंड पैलवानाचे, आणि हसण्यावर कर बसवलाय अशी मुद्रा. तिची भाषा मला कळत नाही, लेक मध्ये बसून सांगते. आज तिने पहिला नियम सांगितला. पाण्यात तिघं असतील. तिघांपैकी कुणीही, कधीही अंगठा वर केला की तिघांनी तिथूनच मागे फिरायचं. का फिरलो ते विचारायचं नाही. आत नाही, बाहेर आल्यावरही नाही, जेवताना तर मुळीच नाही.

मी म्हटलं, "नुसतीच भीती वाटली तर?"

"तरी नाही विचारायचं."

"आणि पाठीला खाज सुटली म्हणून फिरला तर?"

"आई!"

"विचारून ठेवते गं. माझ्या लग्नात हा नियम असता तर मी बोहल्यावरूनच मागे फिरले असते."

जावई चष्मा पुसत म्हणाले, "मग मला बायको कुठून मिळाली असती, आई?"

जावई असेच. उंच, हळू बोलणारे, दाराची कडी लावली की पुन्हा ओढून बघणारे. चिडवायला इतकं मऊ गिऱ्हाईक मला आमचे हे गेल्यापासून मिळालं नव्हतं.

मंगळवार

आज कोरड्या जमिनीवर सराव. हसून हसून माझी बरगडी दुखतेय.

मास्तरणीने झाडांमधून एक बारीक दोरी फिरवली. ह्या दोघांचे डोळे बांधले. दोरी मुठीत धरून, मागच्याने पुढच्याचा दंड पकडून, न बोलता शेवटपर्यंत जायचं. आत चिखल उसळला की डोळे असून नसल्यासारखे, तेव्हा दोरी हीच वाट. दोरी सुटली की माणूस संपला, असं लेक म्हणाली. ती सहज म्हणाली, मीही सहज ऐकलं.

पण समोर दोन मोठी माणसं आंधळी कोशिंबीर खेळतायत आणि मी नुसती खुर्चीवर बसू? एक गवताची काडी घेतली आणि जावयांच्या कानामागे फिरवली. एकदा मान झटकली. दुसऱ्यांदा खांदा उडवला. तिसऱ्यांदा थांबले आणि डोळे बांधलेले असतानाच अंगठा वर. लेकही लगेच थांबली, वळली, दोघं निमूटपणे मागे निघाली. मी पोट धरून हसतेय. मास्तरणीने माझ्या हातातली काडी घेतली, मोडली आणि खिशात ठेवली. वर्गात काहीतरी खाताना सापडल्यासारखं वाटलं. तसं वाटून मला अजूनच हसू आलं.

लेकीचं नाक चोंदलंय. विमानातली गार हवा बाधली. मी वाफ घे म्हटलं तर मला न्हाणीघरात ओढलं, दार लावलं आणि म्हणाली, "मास्तरणीला कळू देऊ नकोस. सर्दी असली तर ती पाण्यात उतरू देत नाही."

"का?"

"उगाच. फार कडक आहे."

मग आम्ही दोघींनी बादलीत गरम पाणी घेतलं, डोक्यावर टॉवेल ओढला. ती शाळेत असताना परीक्षेआधी असंच करायचो. आतून ती म्हणाली, "ह्यांनाही सांगू नकोस." मी कशाला सांगतेय? किती दिवसांनी लेकीचं एखादं गुपित माझ्या वाट्याला आलं.

बुधवार

आज पहिल्यांदा खरंखुरं आत गेले. मी काठावर घडीच्या खुर्चीत. पाण्यावर बुडबुडे येत होते तोवर बरं होतं. मग ते गुहेत शिरले आणि बुडबुडे बंद. पाणी असं गप्प झालं जसं काही कुणी आत गेलंच नाही. मला बसवेना, उठले. मी हवावाल्याशी गप्पा मारल्या. हा सिलिंडर भरून देणारा माणूस, शेडमध्ये मशीन लावून बसतो, मशीनसारखाच धडधड हसतो. त्याला माझी भाषा येत नाही, मला त्याची नाही. मी त्याच्या टकलाबद्दल बरंच बोलून घेतलं. तो मान डोलवत होता.

आणि बघते तर तिघं परत! गेले काय नि आले काय. जावयांनी अंगठा वर केला होता म्हणे.

इतकं हायसं वाटलं मला की तोंडातून तेच बाहेर पडलं, "काय हो जावईबापू, आत वाघ बसला होता का?"

"बसला होता. पण त्याचं नुकतंच जेवण झालं होतं."

"मग एवढी कसली घाई?"

लेक म्हणाली, "आई, विचारायचं नसतं." पण ती मान खाली घालून पायातले ते बदकाचे पंजे काढत होती. एक कान तळहाताने दाबून धरलेला. मी म्हटलं, पाणी गेलं असेल, त्याच बाजूच्या पायावर उड्या मार. ती उड्या मारायला तयार होईना.

गुरुवार

आज परत तेच! कालच्यापेक्षा जरा पुढे गेले आणि जावयांचा अंगठा वर. लेकीचा चेहरा उतरलेला. दालन राहिलं लांब, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं. मला लेकीची दया आली आणि जावयांचा राग. एवढा उंच माणूस, आणि काळजाने चिमणी.

ह्या लॉजमध्ये सगळे एकाच लांब टेबलावर जेवतात. पाव, सूप, उकडलेले बटाटे. आणखी चारदोन पाहुणे, स्वयंपाकीणबाई, हवावाला, सगळे. सगळ्यांनी विचारलं, कसं झालं? लेक सांगायला तोंड उघडतेय तोवर मीच उठले. भाषा येत नाही तर नक्कल तर येते! डोळ्यांवर चहाच्या बशा धरल्या, गाल फुगवले, बेडकासारखे हात मारत टेबलाभोवती निघाले. मध्येच थबकले. डोळे एवढाले. गुडघे थरथर. अंगठा वर! आणि वळून दुडूदुडू पळत खुर्चीखाली लपले.

काय हसले लोक! स्वयंपाकीणबाईने पदरासारखा एप्रन तोंडावर घेतला. हवावाल्याच्या नाकातून सूप आलं. सगळ्यात मोठ्याने माझी लेक हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी तिथेच जावयांचं नवं नाव ठेवलं, माघारराव. लेकीने सगळ्यांना अर्थ सांगितला. मास्तरीण तेवढी हसली नाही. तिला नाहीच येत.

जावई हसले. मग म्हणाले, सिलिंडर बघून येतो, आणि उठले. जाताना हवावाल्याने त्यांना अंगठा दाखवला, तेव्हाही हसले. सूप तसंच राहिलं होतं.

जरा जास्त झालं का? छे. आमच्या ह्यांना मी चारचौघांत याहून जास्त बोलायचे.

शुक्रवार

आज सुट्टीतली सुट्टी. कपडे वाळत घातले होते. ते रबरी काळे कपडे उलटे टांगले की वाटतं, माणसं सोलून सालं वाळत घातलीत. मी माझं लुगडं मधोमध पसरलं, तेवढाच रंग.

हवावाला भेटला की अंगठा. स्वयंपाकीणबाई चहा देताना अंगठा. माझा विनोद गावभर झाला. मी राणीसारखी हिंडतेय.

दुपारी जावई येऊन शेजारी बसले.

"आई, तुम्हाला पोहता येतं ना?"

"येतं म्हणजे? आमच्या विहिरीत मी कठड्यावरून सूर मारायचे. पोरं जिन्याने उतरायची, मी वरून."

"आणि कुणी घाबरलं तर?"

"ढकलायचो!"

"मग?"

"मग काय? दोन घोट पाणी पोटात गेलं की शिकतो माणूस."

ते लुगड्याकडे बघत म्हणाले, "हीसुद्धा अशीच शिकली?"

"माझ्याच हातून. रडत वर आली तेव्हा भित्री भागूबाई म्हणून अख्ख्या गल्लीने नाचवली. पुन्हा रडली नाही कधी."

"हं," म्हणाले. चष्मा काढला, परत घातला. मग म्हणाले, "आई, तिचं नाक अजून बंद आहे. रात्री तोंडाने श्वास घेते. तुम्ही तिला जरा समजावून..."

मी टाळीच दिली हातावर. "अरे वा माघारराव! उद्यासाठी नाकाचं निमित्त शोधून ठेवलंत वाटतं? तेही बायकोचं!"

बोलून गेले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. आमच्या शाळेत गुरुजी फळा पुसायचे, तसा चेहरा पुसला गेला. उठताना म्हणाले, "नाही आई. उद्या नाही फिरणार."

मी म्हटलं, "शाब्बास!"

पुठ्ठ्याचं एक पदक करून ठेवलंय. पावाच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर तांबडी लेस. मध्ये लिहिलंय, माघारराव निवृत्त. उद्या काठावर गळ्यात घालणार.

शनिवार

लेक दवाखान्यात आहे. कानातून रक्त आलं. जिवंत आहे. जावई जवळ आहेत. लिहवत नाही.

रविवार

काल काय झालं ते लिहिते. न लिहून कुठे जाऊ?

मी काठावर बसले होते, मांडीवर ते पदक. ठरल्या वेळेला आले नाहीत. मला आनंद झाला होता. आनंद! म्हटलं, गेले वाटतं लांबवर. हवावाला शेडमधून बाहेर येऊन पाण्याकडे बघत उभा राहिला. तो हसत नव्हता.

आधी मास्तरीण वर आली, ओरडत. मग जावई, आणि त्यांच्या हाताला लटकलेली माझी लेक. तोंडावरच्या काचेत गुलाबी पाणी. काच काढली तशी भडाभडा ओकली. तिला बसताच येईना, बसली की एका बाजूला कलंडायची. मी धावले. धावताना ते पदक माझ्या हातातच. लेस बोटांना गुंडाळलेली. जावयांनी मला बघितलं आणि पदकही बघितलं, वाचलंही असेल. मी ते पाठीमागे लपवलं. लेक ओकतेय आणि मी पुठ्ठा लपवतेय.

दवाखान्यात कपडे बदलताना तिच्या दंडावर बोटांचे वळ दिसले. चार बोटं, काळीनिळी, माणसाने चिरडून धरल्यासारखी. माझं डोकं फिरलं. जावई दारात उभे होते, ओल्या कपड्यांनी, दातावर दात आपटत. मी त्यांच्यावर ओरडले, "हे काय केलंत माझ्या पोरीला?"

ते म्हणाले, "चुकलं."

त्या एका शब्दावर मी त्यांना आणखी चार ऐकवले. तेही लिहून ठेवते.

आज सकाळी डॉक्टर म्हणाले, कानाचा पडदा फाटलाय, भरून येईल, पण तोवर पाण्याचं नाव काढायचं नाही. मग मास्तरीण आली. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली आणि जावयांना काहीतरी विचारायला लागली. लेक उशीला दुखरा कान लावून पडली होती. मी म्हटलं, "काय म्हणतेय, सांग मला." लेक सांगायला लागली, सपाट आवाजात, पाढे म्हणावेत तशी.

"ती म्हणतेय, अंगठा का केला हे मी कधी विचारत नाही. का नाही केला, ते मात्र विचारणार. तू मागे होतास. ही खाली उतरताना थांबली, नाक दाबलं, परत थांबली. तू बघितलंस. बुधवारी आणि गुरुवारी हेच बघून तू लगेच अंगठा केलास. मग काल का नाही?"

मी लेकीकडे वळले. "म्हणजे दोन्ही वेळा..."

"दोन्ही वेळा माझ्यासाठी फिरले हे." ती भिंतीकडे बघत होती. "सर्दी असली की कान मोकळे होत नाहीत, आई. खोल गेलं की सुया टोचतात. मला मागे फिरायचं नव्हतं. हे फिरले. आणि का फिरलो ते कुणाला सांगायचं नसतं, म्हणून नाही सांगितलं. मला तरी माहीत होतं ना? तरी मी त्या रात्री टेबलावर हसले. तुझ्याबरोबर."

खाली कान फाटला तेव्हा गार पाणी आत घुसलं आणि तिला वर कुठे, खाली कुठे कळेना. हातपाय मारले, गाळ उसळला, सगळं ताकासारखं झालं. दोरी सुटली. जावयांनी चाचपडत तिचा दंड पकडला, दुसऱ्या हातात दोरी. बाहेर येईपर्यंत सोडला नाही. ते वळ त्याचे.

मास्तरणीने परत विचारलं. जावई म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं. चूक माझी." मास्तरीण म्हणाली, मग मी तुला यापुढे गुहेत नेणार नाही. मागे बघत नाही असा माणूस मला मागे नको. जावयांनी मान हलवली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मास्तरणीला कळलं असतं, म्हणून नाही बघितलं. हे मला आत्ता लिहिताना कळतंय.

ते गेल्यावर मी लेकीला म्हटलं, "अगं, तुलाच दुखत होतं ना? मग तू का नाही केलास अंगठा?"

ती म्हणाली, "तू रात्री माझी नक्कल केली असतीस."

रागाने नाही बोलली. आज कोणता वार आहे हे सांगावं तसं बोलली. मग डोळे मिटले. बाहेर बाकावर येऊन बसले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवार

आज दालनात जायचा दिवस होता. पाणी नेहमीसारखंच निळं.

जावई शेडमागे रबरी कपडे स्वच्छ पाण्यात बुचकळत होते. त्यांची माफी मागायची असं ठरवून गेले. वाटेत चार वाक्यं जुळवली. समोर उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "काय हो, लाँड्री कधी उघडलीत?" जिभेला हाड नाही म्हणतात, मला वाटतं माझ्या जिभेला माझी ओळखच नाही. ते हसले. सवयीने हसले. मी तिथेच दगडावर बसले आणि मला रडू आलं. गल्लीतली चाळीस घरं हसवणारी बाई, नाक शिंकरायला रुमाल नाही.

"आई, राहू द्या," म्हणाले, आणि ओल्या हाताने मला त्यांचा टॉवेल दिला.

"मास्तरणीला खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? सासूबाई हसल्या म्हणून मी बायकोला खोल जाऊ दिलं? ते तर आणखी वाईट आहे, आई. कुणी हसलं म्हणून मी अंगठा खाली ठेवला. तो माझा मलाच वर करायचा होता."

असं म्हणून त्यांनी कपडा पिळला. इतका पिळला की त्यात काही उरलं नसेल.

मी उठून मास्तरणीकडे गेले. ती ओट्यावर बसून दोरीची रिळं गुंडाळत होती. भाषा नाही, लेक दवाखान्यात, जावई सांगणार नाहीत. मग मी करून दाखवलं. तीच नक्कल. बशा नव्हत्या, बोटांची वर्तुळं डोळ्यांवर धरली. बेडकाचे हात, थरथर, अंगठा. मग मी झाले, टेबलावर हात आपटून हसणारी. मग जावई झाले, सूप टाकून उठणारे. मग न्हाणीघरातल्या आम्ही दोघी, डोक्यावर टॉवेल, ओठांवर बोट. मास्तरीण रीळ ठेवून बघायला लागली. शेवटी मी एका हाताचा अंगठा हळूहळू वर आणला आणि दुसऱ्या हाताने तो दाबून दाबून खाली नेला. आणि ते पदक तिच्या समोर ठेवलं. अक्षरं तिला वाचता येणार नाहीत, पण लेस बघून कळलं असेल.

जन्मात पहिल्यांदा माझी नक्कल बघून कुणी हसलं नाही.

तिने माझे दोन्ही हात धरले. वरचा हात बाजूला केला. आणि खाली दबलेला अंगठा दोन बोटांनी धरून परत उभा केला. मग रिळं गुंडाळायला लागली.

संध्याकाळी जावई म्हणाले, "काय झालं कोण जाणे. म्हणाली, दालन कुठे पळून जात नाही, हिचा कान बरा झाला की दोघं परत या." मी म्हटलं, "बरं झालं." बाकी काही बोलले नाही. न बोलणं फार अवघड असतं, दात दुखायला लागतात.

बुधवार

लेक काल लॉजवर आली. कानात कापूस, चालताना भिंतीला हात लावते. माझ्याशी बोलते, चांगलं बोलते, पण ऐकण्याआधी मान फिरवून बरा कान माझ्याकडे आणावा लागतो तिला. प्रत्येक वेळी मला ते बघावं लागतं.

उद्या निघायचं. आज जावई म्हणाले, "आई, पाण्यात येता? आत नाही, वरच्या वर. पोहायचं जाकीट घालून. हिने काय बघितलं ते वरून तरी बघा."

लेक म्हणाली, "जा ना आई. विहिरीत सूर मारायचीस ना?"

टोमणा होता का कुणास ठाऊक. मी म्हटलं, जाते.

मला त्या रबरी सालात कोंबायला दोघंजण लागले. तेव्हा एकदोन विनोद सुचले, ते गिळले. तोंडात श्वासाची नळी, डोळ्यांवर काच. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला मास्तरीण. काठाला बांधलेली दोरी धरून पालथं पडायचं आणि पुढे सरकायचं. आधी फार सुंदर होतं. ऊन पाण्यातून सरळ खाली उतरत होतं, दळणाच्या पिठासारखं तरंगत. तळाचा एकेक खडा मोजता येईल असा. माझी छाती फुगली. म्हटलं, बघा, म्हातारीत अजून दम आहे.

मग दोरी खाली वळली आणि तळ संपला. तिथे एक काळं तोंड होतं. ऊन त्याच्या ओठापर्यंत जात होतं आणि आत शिरत नव्हतं. दोरी तेवढी शिरत होती. त्यात माझी पोर गेली होती, दुखरा कान घेऊन, मी हसेन म्हणून न थांबता.

माझा श्वास अडकला. नळीतून हवा येत होती, मला ती घेता येईना. विहिरीत असं कधी झालं नव्हतं. मला माहीत होतं, अंगठा करायचा. आणि काय सांगू, मी केला नाही. इतकं सगळं होऊनही केला नाही. मनात येत होतं, लेक काठावरून बघतेय, हवावाला बघतोय, जेवताना काय म्हणतील. अजून एक हात पुढे गेले. अजून एक. कानात नुसतं धडधड.

मग केला.

जावई तिथल्या तिथे वळले. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाही. मास्तरीण वळली. काठापर्यंत दोघं माझ्या बरोबरीने, ना पुढे ना मागे. बाहेर आल्यावर जावयांनी माझी काच धुतली, मास्तरणीने दोरी सोडली, लेकीने अंगावर टॉवेल टाकला. "थंड होतं का पाणी?" एवढंच.

जेवायला सगळे टेबलावर. मी वाट बघत होते. सूप आलं, बटाटे आले. मी मनात उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, चांगली झणझणीत. कुणी काही बोलेना. मग हवावाल्याने माझ्याकडे बघितलं, गाल फुगवले, डोळ्यांवर दोन बशा धरल्या आणि अंगठा वर केला. माझीच नक्कल, मीच शिकवलेली. स्वयंपाकीणबाई खुदकन हसली. माझा चेहरा तापला, कानाच्या पाळ्यांपर्यंत. मला हसायला हवं होतं, हसू येईना. चमचा हातात तसाच राहिला.

जावयांनी सूप बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आजही चढला नाही. हवावाल्याकडे बघून त्याच्या भाषेत काहीतरी म्हणाले, अगदी थोडं. त्याने बशा खाली ठेवल्या. खोक्यात ठेवतात तशा जपून ठेवल्या.

मी लेकीला विचारलं, काय म्हणाले?

तिने बरा कान माझ्याकडे फिरवला, मला परत विचारावं लागलं. मग म्हणाली, "विचारायचं नसतं, म्हणाले."

जावयांनी पावाची टोपली माझ्याकडे सरकवली. मी एक पाव उचलला. सुपात बुडवला. शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवला.